झाकणावरचं नाव

"डिझेल संपलं काय गं?" आप्पांनी विचारलं.

 माझ्या हातातलं गेमचं मशीन नुकतंच मेलं होतं. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, दोन-तीन सेकंद थांबायचा आणि विझायचा. पडदा काळा तो काळाच. मी बॅटरी काढली, फुंकर मारली, परत घातली. तेच. चार्जर लावून बघितला. तेच. बटण दाबून धरून वीस आकडे मोजले. हिरवा दिवा, तीन सेकंद, अंधार.

"वैजे, डिझेल..."

"थांबा हो आप्पा जरा!"

आप्पा थांबले. त्यांच्या डाव्या हातात चहाचा कप होता आणि उजवा हात नेहमीसारखा मांडीवर, टॉवेलखाली.

रविवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते. बुधवारी मी पुण्याला जाणार होते, नोकरीवर रुजू व्हायला. गडहिंग्लजच्या एका कॉम्प्युटर क्लासात तीन वर्षं पोरांना टायपिंग शिकवल्यावर पुण्याच्या एका कंपनीने मला बोलावलं होतं. जाण्याआधी आप्पांना एक भेट द्यायची म्हणून मी त्या मशीनला हात लावला, आणि भेट राहिली बाजूला, मशीनच गेलं.

भेट म्हणजे एक बसचा खेळ होता. कुणा हौशी माणसाने बनवलेला, इंटरनेटवर फुकट मिळणारा. त्यात बस चालवायची, थांब्यावर थांबायचं, दार उघडायचं, घंटी वाजली की निघायचं. एकतीस वर्षं एस.टी. चालवलेल्या वडिलांना याहून चांगलं काय देणार? पण तो खेळ चालवायचा तर मशीनचं फर्मवेअर बदलावं लागत होतं. फर्मवेअर म्हणजे मशीनच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर. बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी ते जागं होतं आणि बाकीच्यांना उठवतं. बदलायला दहा मिनिटं पुरतात. अट एकच, मशीनचं मॉडेल आणि फाइल यांची जोडी जमली पाहिजे. नाही जमली तर मशीन जागंच होत नाही, आणि जागं होत नाही म्हणून त्याला दुरुस्तही करता येत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून तर मी तीनदा तपासलं होतं. बॅटरीचं झाकण काढलं, आतल्या बाजूचा स्टिकर वाचला : जी-दोन. फाइलचं नाव वाचलं : जी-दोन. कागदावर लिहून खूण केली. बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघणारी मी, माझ्याकडून अशी चूक होणारच नव्हती. आणि तरी मशीन मेलं होतं. का मेलं, हे मला काही केल्या कळेना.

"जाऊ दे गं," आप्पा म्हणाले. "यंत्र हाय, बंद पडायचंच."

त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटलं. कारण मी पुण्याला चालले होते ती त्या मशीनच्या जोरावर.

आदल्या वर्षी मार्चमध्ये आप्पांना अर्धांगाचा झटका आला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. वाचा दोन महिन्यांत परत आली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात हलेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी रबरी चेंडू दिला आणि दाबत बसा म्हणाल्या. आप्पांनी डाव्या हाताने तो परसात भिरकावला. मग त्या बाईही कोल्हापूरला राहायला गेल्या आणि हाताचं सगळं आमच्यावरच आलं.

अशात बाबालाल मुल्लाणी उगवले. बाबालालकाका आप्पांचे कंडक्टर, आता निवृत्त. चौदा वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली होती. काकांचा जावई मस्कतला होता, त्याने वापरून झालेली दोन गेमची मशीनं सासऱ्याला आणून दिली होती. काकांनी एक आप्पांसमोर ठेवलं.

"बटण अंगठ्यानं दाबायचं असतंय. चेंडूपरास हे बरं. आणि मीबी संगट खेळतो. डायवर एकटा गाडी न्हेत न्हाई."

दोन्ही मशीनं काळी, सख्ख्या बहिणींसारखी. म्हणून काकांनी मागच्या झाकणांवर पांढरी चिकटपट्टी लावून नावं लिहिली. एकावर आमचं 'चौगुले', दुसऱ्यावर त्यांचं 'मुल्लाणी'.

खेळ मोटारींच्या शर्यतीचा होता. आठ गाड्या सुटायच्या. सुरुवातीला आप्पा डाव्या अंगठ्याने वळवायचे आणि वेगाचं बटण काका दाबायचे. मागून गाडी आली की आप्पा तिला साइड द्यायचे.

"अवो, शर्यत हाय ती!" आई ओरडायची.

"म्हणून काय त्येला खड्ड्यात घालू?"

अर्थात आमचा नंबर आठवा.

ऑक्टोबरात पुण्याचं पत्र आलं. मी जेवताना सांगून टाकलं, की आप्पांचा हात हलायला लागला तर जाईन, नाही तर नाही. कंपनीकडे मी फेब्रुवारीपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या दिवशी आप्पा अर्ध्या भाकरीवरून उठले.

आणि चारच दिवसांनी, मी क्लासवरून आले तेव्हा बाबालालकाका उंबऱ्यातच उभे होते. "वैजू, आज डायवरनं एकट्यानं गाडी मारली! बटण सोताच्या अंगठ्यानं दाबलं."

मी 'चौगुले' लिहिलेलं मशीन उघडलं. पाचवा नंबर. मला नाचावंसं वाटलं. "आप्पा, मला दाखवा ना, कसं दाबता ते."

"छ्या! केबिनमधी पाशिंजर हुबा असला की मला गाडी चालवाय येत न्हाई. एकतीस वर्षांत आली न्हाई, आता कुठली येतीय?"

हे मात्र खरं होतं. लहानपणी मी त्यांच्या केबिनमध्ये बसायचा हट्ट धरला की ते मला काकांच्या बाकावर धाडायचे. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी रोज संध्याकाळी मशीन उघडून नंबर बघायचे. पाचवा, चौथा, तिसरा. जानेवारीत एकदा पहिला आला तेव्हा मी पेढे वाटले आणि कंपनीला होकार कळवला. 'मुल्लाणी' मशीनवर मात्र रोज आठवा.

"काका," मी म्हणायचे, "तिकिटं फाडण्यापलीकडे तुम्हाला काही जमत नाही ना?"

काका हसायचे. आप्पाही हसायचे, पण जरा उशिराने.

तर आता त्या पहिल्या नंबरच्या मशीनची मी माती केली होती. मी क्लासवर गेले, सरांकडून किल्ली घेतली आणि इंटरनेटवर बसले. अशा मशीनांची दुरुस्ती करणारे लोक एका ठिकाणी एकमेकांना प्रश्न विचारायचे. तिथे मी सगळी हकिगत लिहिली. तासाभरात तिघांची उत्तरं आली. तिघांचं म्हणणं एकच : तुम्ही चुकीच्या मॉडेलची फाइल घातली. मी लिहिलं, नाही, मॉडेल बरोबर आहे. एकाने लिहिलं, परत बघा. मी झाकण पिशवीतून आणलंच होतं. परत बघितलं. जी-दोन. मग माझे डोळे फुटले होते, की फाइलवाला खोटारडा होता, की या मशीनलाच माझ्या पुण्याला जाण्याचा राग आला होता? मला काहीच समजेना.

एकाने उपाय सांगितला. दुसऱ्या चालू मशीनचं फर्मवेअर बदला, मग त्यावर मदतीचं एक कार्ड तयार होतं, आणि त्या कार्डाने मेलेलं मशीन उठतं. दुसरं चालू मशीन अख्ख्या गडहिंग्लजात एकच होतं.

तीनच्या सुमाराला मी घरी आले तेव्हा काका नेहमीप्रमाणे आप्पांच्या खुर्चीशेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे हात पसरला. "काका, तुमचं मशीन द्या."

काकांनी ते छातीशी धरलं. "माझं र्‍हाऊ दे गं."

"का? त्यात काय ठेवलंय? आठवा नंबरच ना?"

"तसं न्हवं. पर ह्येबी बंद पडलं म्हंजे?"

"नाही पडणार. तुमचं जी-तीन आहे, झाकणातला स्टिकर मी मागेच वाचून ठेवलाय. मी जी-तीनची फाइल आणली आहे."

"दे रे मास्तर," आप्पा म्हणाले. कंडक्टरला ते मास्तरच म्हणायचे.

काकांनी आप्पांना एरवीसारखं डायवर म्हटलं नाही, नावाने हाक मारली. "हिंदुराव, सांगूया काय?"

"काय सांगायचंय? दे तिला मशीन."

हे मी कानांनी ऐकलं. पण माझ्या डोक्यात फायलींचा बाजार भरला होता. मी मशीन घेतलं, झाकण काढलं, स्टिकर वाचला. जी-तीन. फाइल जी-तीन. या वेळी आईलाही बोलावून वाचायला लावलं. ती चष्मा लावून म्हणाली, "तीनच हाय बया." मी फर्मवेअर घातलं. पट्टी शंभरापर्यंत सरकली. मशीन बंद झालं, आपोआप परत सुरू व्हायला लागलं.

हिरवा दिवा. तीन सेकंद. अंधार.

आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी जमिनीवर बसकण मारली. एक फाइल खराब असू शकते. दोन्ही कशा असतील? एकदा माझं चुकलं असेल. दोनदा, आईच्या साक्षीने, कसं चुकेल? काका टोपीशी चाळा करत होते. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्या घरात माझ्याशिवाय कुणालाच आश्चर्य वाटत नव्हतं, हेही मला दिसलं नाही.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला आणि टेबलावर जुनी चादर पसरून दोन्ही मशीनं उघडली. आतल्या हिरव्या बोर्डावर मॉडेलचा नंबर छापलेला असतो, तो कुणाला खोडता येत नाही. 'चौगुले'चं झाकण ज्याला होतं त्याच्या बोर्डावर लिहिलं होतं जी-तीन. 'मुल्लाणी'च्या आत जी-दोन.

म्हणजे फायली बरोबर होत्या, मशीनंही बरोबर होती. झाकणं चुकीची होती.

"काका!" मी ओरडले. मला खरं तर हायसं वाटलं होतं, कारण चूक माझी नव्हती. "अहो, ही झाकणं अदलाबदल झालीत! बॅटरी काढताना चुकून झाली असतील. कधी झाली?"

 स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "चुकून कशानं हुतीय?"

"म्हणजे?"

"मला काय इचारतीस? त्या दोघास्नी इचार."

बाबालालकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वैजू, एष्टीत एक पद्धत असती. गाडी वाटंत बंद पडली तर आमी मागनं दुसरी गाडी मागवतो. आणि पयल्या गाडीची पाटी काढून दुसरीला लावतो. पाशिंजर पाटी बघून चढतंय. गाडी कंची का असंना."

"बरं मग?"

"मग काय. आमी पाटी बदलली."

मला तरीही कळेना. इतकी मठ्ठ मी आयुष्यात कधी झाले नव्हते. "पण काका, दोन्ही मशीनं तर चालू होती. बंद कुठली पडली होती?"

काकांनी मान खाली घातली. आप्पांनी मांडीवरचा टॉवेल बाजूला केला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, उचललं आणि माझ्यासमोर टेबलावर, उघड्या पडलेल्या त्या दोन मशीनांच्या मधे, आणून ठेवलं. बोटं अर्धवट मुडपलेली होती. अंगठा तळव्यात गेला होता. तो आपला आपण बाहेर येईल असं कुणालाही वाटलं नसतं.

"ही," आप्पा म्हणाले.

मी त्या हाताकडे बघत राहिले.

"तुझं पत्र आल्यावर बदलली," काका म्हणाले. "माझा पाचवा नंबर तयारच हुता. घरी बसून दुसरा उद्योग काय मला? पाटी लावली आणि तुला दाखवला. म्होरचंबी समदं मीच मारलं."

"आणि तुमच्या मशीनवरचा आठवा नंबर? रोजचा?"

"त्यो माझा," आप्पा म्हणाले.

"तू क्लासला गेलीस की रोज बसतोय," काका म्हणाले. "तासभर. ह्येचा अंगठा उचलून मी बटणावर ठेवतो. दाबत न्हाई हां, नुसता ठेवतो. सात गाड्या सुटत्यात, ह्येची जाग्यावरच. परत सुरू करतो. परत जाग्यावर. तासभर झाला की मग मी दुसऱ्या मशीनवर बसतो, तुझ्यासाठी."

म्हणजे चार महिने रोज संध्याकाळी आप्पांसमोर उभी राहून मी आप्पांच्याच आठव्या नंबराची थट्टा करत होते. माझ्या कानशिलात कुणी सणसणून लगावल्यासारखं झालं. आधी लाज वाटली आणि मग, लाज झाकायला, राग आला.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले. "सगळ्यांनी मिळून. आई, तूसुद्धा!"

"फसवलं की," आप्पा म्हणाले. "न्हाईतर तू गेली असतीस?"

"मी जातच नाही आता. उद्या फोन करून सांगते."

आप्पांनी डावा हात टेबलावर असा आपटला की स्क्रू उडून जमिनीवर पडले. "जात न्हाईस? मग ह्या मास्तरनं चार म्हैनं त्यो पोरखेळ खेळून डोळं फोडून घेतलं, ते कशापायी?"

"खरंच हाय बाई," काका पुटपुटले. "चष्म्याचा नंबर वाढला."

एरवी आम्ही सगळे हसलो असतो. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. मी खाली वाकून स्क्रू वेचू लागले, कारण मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

"एकदा तरी मला बघू द्यायचं होतं," मी जमिनीकडे बघतच म्हणाले. "मला खरं कळायला हवं होतं."

आप्पांचा आवाज उतरला. "तू कुठं म्हणालीस, वैजू? आप्पा, एकदा मूठ मिटून दाखवा, असं? आमी दोघं रोज भीत हुतो. आज इचारती, उद्या इचारती. इचारलं असतंस तर तितंच बिंग फुटलं असतं. तू इचारलं न्हाईस, म्हणून निभावलं आमचं."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मी समजूतदारपणे काही केलं आणि त्यांना मदत झाली, अशा सुरात ते बोलले. आणि म्हणूनच ते माझ्या काळजात गेलं.

कारण त्यांनी म्हटलं ते खरं होतं. मी क्लासात पोरांची एकेक ओळ तपासणारी, कुलूप दोनदा ओढणारी, स्टिकर तीनदा वाचणारी बाई. हात माझ्यासमोर होता, चार महिने, एका टॉवेलाखाली. टॉवेल उचलायला किती वेळ लागला असता? भात वाढताना, औषध देताना, केव्हाही. मी रोज मशीन उघडून नंबर बघत होते, कारण नंबर वर चढत होता आणि मला पुण्याला जायचं होतं. फार जायचं होतं. हाताकडे बघितलं असतं तर राहावं लागलं असतं. तेव्हा मला एवढं स्वच्छ कळलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडेल. पण त्या संध्याकाळी, हातात चार स्क्रू घेऊन जमिनीवर बसलेली असताना, मला ते कळलं होतं.

मी उठले. खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसले आणि त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. वजनाला हलका होता, आणि गार. चार महिन्यांत मी तो पहिल्यांदाच धरला होता.

"मूठ मिटा आप्पा," मी म्हणाले.

"केबिनमधी पाशिंजर..."

"असू दे. मी बघणार आहे."

आप्पांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर फुगली, मान ताठ झाली, ओठ एका बाजूला ओढले गेले. काका श्वास रोखून बसले होते. बराच वेळ गेला. माझ्या तळव्यांत काहीच हललं नाही.

आप्पांनी डोळे उघडले. "बघितलंस?"

"बघितलं."

"मग आता?"

 न बोलणं सोपं होतं. 'मी इथेच राहते' म्हणणं त्याहून सोपं होतं, तसं म्हटलं असतं तर सगळ्या गावाने मला चांगली म्हटलं असतं, आणि आप्पा रोज मला घरात बघून मनातल्या मनात खचले असते. पण खरं सांगते, मी त्यांचा विचार करून ठरवलं नाही. मला अजूनही जायचंच होतं. हात बघितल्यावरसुद्धा.

"मी जाते," मी म्हणाले.

आईने पदराने डोळे पुसले. आप्पांनी मान हलवली, गाडी सोडायची परवानगी मिळाल्यावर ते हलवायचे तशी, आणि चहा मागितला.

त्याला आता सोळा वर्षं झाली. आप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि हात शेवटपर्यंत हलला नाही. पुण्यात कुणी विचारलं की आजारी वडिलांना सोडून कशी गं आलीस, तर मी सांगते, वडील बरे झाले, मग मी निघाले. नवऱ्यालाही तेच सांगितलं आहे. ते खरं नाही. हात तसाच होता, तो मी माझ्या हातात धरून बघितला होता, आणि बुधवारी सकाळी मी गेले.